एका जाजमावरच्या बहिणी

माझा चुलतभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. त्याची थोरली मुलगी नुकतीच कॉलेजात गेली. एका रात्री साडेअकराला तिचा व्हिडिओ कॉल आला. मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरांचे गठ्ठे बांधत बसले होते. पोरगी आनंदाने नुसती नाचत होती. ‘‘फुप्पी, मला बिड मिळाली!’’

मी म्हटलं, ‘‘बीडला कशाला चाललीस गं? तिथं आपलं कोण आहे?’’

ती हसून हसून लोटपोट. मग तिने समजावून सांगितलं. तिच्या कॉलेजात मुलींची मंडळं असतात, त्यांना ‘सोरोरिटी’ म्हणतात. नवीन मुलींना आठवडाभर बघतात, बोलतात, पारखतात आणि मग ज्या आवडल्या त्यांना निमंत्रण देतात. ते निमंत्रण म्हणजे बिड. मंडळाला ग्रीक अक्षरांचं नाव असतं, छातीवर लावायची पिन असते, गुप्त शपथ असते, एका घरात सगळ्यांनी राहायचं असतं. वरच्या वर्गातली एक मुलगी तुमची ‘मोठी बहीण’ होते. आणि हे नातं म्हणे जन्मभर टिकतं.

भाऊ पलीकडून कुरकुरत होता. वर्षाची फी भरमसाट, पार्ट्या वेगळ्या. वहिनीची काळजी निराळी, रोजे कसे होणार, खाण्यात काय असणार. पोरीने मात्र मला मास्तरीण म्हणून साक्षीला बोलावलं होतं. ‘‘फुप्पी, तू सांग ना यांना, बहिणी करणं वाईट असतं का?’’

बहिणी करणं वाईट कसं असेल? आपल्याकडे तर ओढणी बदलून बहिणी व्हायची रीत होती. उर्दूत अजून ‘दुपट्टाबदल बहन’ हा शब्द आहे. एकीची ओढणी दुसरीने घ्यायची, दुसरीची पहिलीने, की झाल्या सख्ख्या. आणि मदिनेत मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराला एकेका अन्सारचा भाऊ करून दिलं होतं, ते मुआखात तर आपल्या मुलांना दीनियातच्या वर्गात पहिल्यांदा शिकवतात. नातं रक्ताचंच हवं असं आपल्या इतिहासाने कधी म्हटलेलं नाही.

पण ‘पारखतात’ हा शब्द माझ्या मनात अडकला. कोण पारखतं? आणि जी पारखून नको ठरते, तिचं काय होतं? त्या रात्री पेपरांचे गठ्ठे राहिले बाजूला आणि मी या सोरोरिटीचा इतिहास वाचत बसले. वाचता वाचता अमेरिकेतल्या जॉर्जियातून थेट पुण्याच्या गंजपेठेत आले, आणि तिथून आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात.

जॉर्जिया राज्यात मेकन नावाचं गाव आहे. तिथे १८३६ मध्ये मुलींच्या कॉलेजाला सनद मिळाली. मुलींना पदवी देण्यासाठी सनद मिळालेलं ते जगातलं पहिलं कॉलेज मानतात. आज त्याचं नाव वेस्लियन कॉलेज. १८५१ च्या मे महिन्यात तिथल्या युजीनिया टकर नावाच्या विद्यार्थिनीने मैत्रिणींना गोळा करून ‘अडेल्फियन सोसायटी’ काढली. अडेल्फी म्हणजे ग्रीक भाषेत बहीण. वाचन, निबंध, वादविवाद, चांगलं वागणं असा साधा सात्त्विक कार्यक्रम होता. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८५२ मध्ये, त्याच कॉलेजात ‘फिलोमॅथियन सोसायटी’ निघाली. या दोन मंडळांनी पुढे विसाव्या शतकात ग्रीक अक्षरांची नावं घेतली, आणि आज ती अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू या नावांनी चालतात.

‘सोरोरिटी’ हा शब्द मागाहून आला. पोरांच्या मंडळांना ‘फ्रॅटर्निटी’ म्हणत, म्हणजे भाऊबंदकी. भांडणाची नव्हे, चांगल्या अर्थाची. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात १८७४ मध्ये गॅमा फाय बीटा हे मुलींचं मंडळ निघालं. तिथल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांना वाटलं, बायकांच्या मंडळाला भावाचा शब्द कशाला? ‘सोरोर’ म्हणजे बहीण, त्यावरून त्यांनी सोरोरिटी हा शब्द सुचवला. भाषेच्या मास्तरांनी कुठे कुठे काय काय करून ठेवलं आहे, बघा.

एक किस्सा मला फार आवडला. इंडियानातल्या एका कॉलेजात १८६७ मध्ये मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला. पोरं हुर्यो उडवत. त्या पहिल्या मुलींत बेटी लॉक होती. तिला एका फ्रॅटर्निटीच्या मुलाने विचारलं, आमची पिन लावशील का? तिने विचारलं, म्हणजे मला सभासद करून घेणार? शपथ देणार? तर नाही, नुसती शोभेला लावायची, मंडळाची लाडकी म्हणून. ती म्हणाली, मग नको. आणि जानेवारी १८७० मध्ये तिने तीन मैत्रिणींना घेऊन कप्पा अल्फा थीटा हे स्वतःचं मंडळ काढलं. त्यांच्या मंडळात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. पिन आणि सभासदत्व यांतला फरक एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला कळला होता. आपल्याकडे कमिट्यांवर ‘महिला प्रतिनिधी’ आणि ‘अल्पसंख्याक प्रतिनिधी’ म्हणून बसवलेल्या कित्येकांना तो पन्नाशीतही कळत नाही.

आता मेकनकडे परत येऊ. अडेल्फियन बहिणी निबंध वाचत होत्या तेव्हा जॉर्जिया हे गुलामगिरीचं राज्य होतं. गुलाम माणसाला लिहायला-वाचायला शिकवणं हा तिथे १८२९ पासून कायद्याने गुन्हा होता. जगातल्या पहिल्या मुलींच्या कॉलेजाच्या स्वयंपाकघरात, अंगणात राबणाऱ्या काळ्या मुलीला ‘ए’ हे अक्षर दाखवलं असतं तर शिक्षा झाली असती. बहिणींच्या व्याख्येत ती बसतच नव्हती. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, कारण तिला विचारायचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

म्हणून काळ्या मुलींनी आपलं वेगळं मंडळ काढलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जानेवारी १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा निघालं, काळ्या विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी. जानेवारी १९१३ मध्ये तिथेच बावीस जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढलं. दोनच महिन्यांत, ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोर्चा निघाला. डेल्टाच्या मुलींचं मंडळ म्हणून ते पहिलंच जाहीर काम. त्या मोर्च्यातही काळ्या बायकांनी शेवटी चालावं असं आयोजकांचं म्हणणं होतं, म्हणजे मत मागायच्या मोर्च्यातसुद्धा रांग वेगळी. आयडा वेल्स या पत्रकार बाईंनी ते मानलं नाही. मोर्चा चालू असताना त्या बाजूच्या गर्दीतून निघून आपल्या इलिनॉय राज्याच्या गोऱ्या बायकांच्या तुकडीत शिरल्या आणि त्यांच्या बरोबरीने चालल्या.

हे सगळं फार जुनं झालं असं समजू नका. अलाबामा विद्यापीठातल्या परंपरेने गोऱ्या असलेल्या सोरोरिट्यांनी काळ्या मुलींना डावलल्याची बातमी तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापली आणि त्यानंतर दारं उघडली, ते साल २०१३ आहे. माझ्या भाचीच्या मोबाइलपेक्षा थोडंसंच जुनं.

वाचताना एक गंमत लक्षात आली. यांतली बरीच मंडळं जानेवारीतली आहेत. आपल्याकडे जानेवारी म्हणजे संक्रांत. आणि ज्या जानेवारीत, म्हणजे १८५२ च्या, मेकनमध्ये फिलोमॅथियन बहिणी जमल्या, त्याच जानेवारीत पुण्यातही बायकांचं एक मंडळ जमलं होतं.

नायगाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. फलटणहून लोणंदमार्गे शिरवळच्या दिशेने निघालं की सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई तिथे जन्मल्या. जोतिरावांचं मूळ गाव कटगूण हेही आमच्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. त्यामुळे पुण्याने फुले दांपत्यावर कितीही हक्क सांगितला तरी आम्ही सातारकर मनातल्या मनात हसतो. असो.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यापायी पुढच्या वर्षी जोतिराव-सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं. तेव्हा जोतिरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना गंजपेठेतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. याच घरातली फातिमा, उस्मानभाईंची बहीण. सावित्रीबाईंच्या बरोबर तीही शिकवू लागली.

या दोघींच्या नात्याला काय नाव द्यायचं? एका छताखाली राहणं आहे, एकमेकींकडून शिकणं आहे, रोज एका रस्त्याने शाळेत जाणं आहे. रस्त्याने जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या दुसरं लुगडं जवळ ठेवत, ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. ती शिकवताना मला दर वेळी वाटतं, बाजूने चालणारीवर काय फेकलं जात असेल? हिंदू मोहल्ल्यात शिकवायला जाणारी मुसलमान बाई आणि मुसलमान मोहल्ल्यातून घराबाहेर पडणारी मुसलमान बाई. तिला दोन्हीकडच्या जिभा सोसायच्या होत्या.

कागदावर फातिमाबी फार थोड्या उरल्या आहेत. त्यातला मोलाचा कागद म्हणजे सावित्रीबाईंचं पत्र, १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारपणातून उठण्यासाठी माहेरी नायगावला गेल्या होत्या, तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलं. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. आपण नसताना सगळा भार तिच्यावर पडला असेल, तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, असा त्याचा आशय. पत्रात इतकंच आहे. पण ज्याने कधी शाळा चालवली आहे त्याला हे वाक्य पुरेसं आहे. मुख्याध्यापिका रजेवर असते तेव्हा जिच्या जिवावर ती निर्धास्त रजा घेते, ती सहकारी कोण असते हे आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत आहे. हजेरी, चाव्या, भांडणं, आलेले पालक, गेलेले पालक, सगळं तीच बघते. आणि शाळेच्या इतिहासात तिचं नाव एका ओळीपुरतं येतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एका लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. काही दिवस मोठा गदारोळ झाला. मला आमच्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, ‘‘आपा, फातिमाबी झूठ थ्या क्या?’’ मी त्यांना कपाटातला सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयाचा खंड दाखवला. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला. पत्र त्यात आहे. समाजमाध्यमं त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. शिवाय बालभारतीच्या उर्दू पुस्तकात २०१४ मध्येच त्यांची ओळख आली होती. पुस्तक कपाटात असलं की अर्धी भांडणं तिथेच मिटतात. हां, एक मात्र कबूल केलं पाहिजे. फातिमाबींबद्दल आपल्या लोकांनी व्हॉट्सअॅपवर जे पल्लेदार लेख फिरवले, ज्यात त्यांची भाषणं आहेत, बाणेदार संवाद आहेत, त्यांनी असल्या लोकांचं काम सोपं केलं. एका ओळीचा पुरावा असेल तर एकच ओळ सांगावी. ती ओळ भक्कम आहे.

आता ते मंडळ. १८५२ मध्ये सावित्रीबाईंनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं. कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी अध्यक्ष, सावित्रीबाई चिटणीस. मंडळाचा जाहीर झालेला पहिला कार्यक्रम म्हणजे संक्रांतीचं तिळगूळ-हळदीकुंकू. दिसायला अगदी घरगुती. पण निमंत्रणात एक अट घातली होती. कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, जातीभेद किंवा पक्षपात न करता सगळ्यांना सारखं हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल.

एक जाजम. आज वाचताना यात काही विशेष वाटत नाही. पण १८५२ च्या पुण्यात महार-मांग बाईची सावली टाळत, तिथे तिच्या शेजारी, तिच्या मांडीला मांडी लावून ब्राह्मण बाईने बसायचं आणि एकाच करंड्यातलं कुंकू लावून घ्यायचं, ही किती मोठी गोष्ट होती. मेकनच्या बहिणींनी शपथ घेतली, पिन केली. पुण्याच्या बहिणींनी फक्त जाजम अंथरलं आणि दार उघडं ठेवलं. परंपरा म्हणून मला दुसरी जास्त अवघड वाटते. गुप्त शपथ पाळायला काय लागतं? शेजारी कोण बसली आहे ते न बघता बसायला मात्र फार काही लागतं.

आणि याचं फळ लगेच दिसलं. याच शाळांमधल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. फक्त तीन वर्षं शाळेत गेलेली मुलगी धर्माला, पेशवाईला आणि पंडितांना जाब विचारत होती. जॉर्जियातल्या मंडळांकडे त्या काळात दाखवण्यासारखं असं काही असेल असं मला वाटत नाही. हे मी थोड्या अभिमानाने लिहिते आहे, वाचकांनी माफ करावं.

पण हळदीकुंकवात एक पेच होताच. कुंकू कुणाला लावणार? सवाष्णीला. विधवा त्या जाजमाच्या बाहेरच राहणार. फुले दांपत्याला हे कळत होतं. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. पुढे ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. आणि इथे पुन्हा अमेरिका येते. शारदा सदनासाठी पैसा उभा करायला तिकडे गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली होती. दर वर्षी एक डॉलर, दहा वर्षं, असं वचन सभासद देत. म्हणजे पुण्यातल्या केशवपन केलेल्या पोरीच्या पाटी-पेन्सिलीसाठी अटलांटिकच्या पलीकडे अनोळखी बायका वर्षाला डॉलर बाजूला काढत होत्या. पुढे धर्मांतराचा वाद पेटला, सदनातल्या मुली काढून नेल्या, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ. त्या मठात मात्र रीतसर शपथ होती, काम करणाऱ्या बायका आपलं आयुष्य कामाला वाहून घेण्याचं वचन देत. सोरोरिटीच्या सगळ्यात जवळ जाणारी महाराष्ट्रातली संस्था कोणती असं कुणी विचारलं तर मी त्या मठाचं नाव घेईन. फक्त त्याच्या जाजमावर बरीच वर्षं एकाच जातीच्या बायका होत्या, हेही सांगेन.

आणि आपल्या बायका? मुसलमान बायका या काळात कुठे होत्या? पडद्यात होत्या, हे उत्तर सोपं आहे पण अर्धं आहे. त्यांनी पडद्यात बसूनच मंडळ काढलं, आणि ते कागदावर काढलं. १८९८ मध्ये लाहोरहून ‘तहजीबे निस्वाँ’ हे बायकांचं उर्दू साप्ताहिक सुरू झालं. संपादक मुहम्मदी बेगम, प्रकाशक त्यांचे शौहर मौलवी मुमताज अली. या साप्ताहिकाच्या वाचक एकमेकींना ‘तहजीबी बहनें’ म्हणत. कधी भेटलेल्या नाहीत, भेटायची शक्यताही नाही, पण एकीने कळवलं की पोरीला शिकवायला सासरचे नको म्हणतात, तर दुसऱ्या शहरातून तिसरी बहीण उत्तर लिहिणार. आज आपण ज्याला ग्रुप म्हणतो ते यांनी टपालाने चालवलं.

या बहिणींत महाराष्ट्राची एक ठळक बहीण होती, अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी घराण्याची. तिची मधली बहीण नाजली कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम, थोरली जेहरा. १९०६ मध्ये अतिया शिक्षकी पेशाचं शिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेली. म्हणजे आमच्या बी.एड.ची पहिली मुसलमान विद्यार्थिनी म्हणायला हरकत नाही! तब्येतीमुळे तिला कोर्स पुरा न करताच परतावं लागलं. पण तिथून ती बहिणीला रोजनिशीसारखी पत्रं लिहायची. कॉलेजच्या खोल्या, तिथल्या मुली, तास, जेवण, सगळं. जेहराने ती ‘तहजीबे निस्वाँ’मध्ये छापायला दिली, आणि १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने त्यांचं पुस्तक झालं. पडद्यातल्या हजारो बायका अतियाच्या डोळ्यांनी लंडनचं हॉस्टेल बघून आल्या.

अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या बेगम वहीद जहाँ यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली. मुली पडदा लावलेल्या डोलीतून येत. १९१४ मध्ये हॉस्टेल उघडलं. मुलींना घराबाहेर राहायला पाठवणार कोण? तेव्हा वहीद जहाँ बेगम स्वतः त्या मुलींबरोबर हॉस्टेलात राहिल्या. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत आणि शेखसाहेबांना ‘पापा मियाँ’. त्या हॉस्टेलात ग्रीक अक्षरं नव्हती, पण घराला जे जे लागतं ते होतं. त्यांची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली, लेखिका झाली. इस्मत चुगताईसुद्धा अलीगढचीच विद्यार्थिनी. आपल्या समाजातल्या बंडखोर बायकांचं माहेर म्हणून हॉस्टेल सांगावं लागतं, ते उगाच नाही.

माझंही एक हॉस्टेल आहे. गावाचं नाव सांगत नाही. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. वर्ष कसलं, सूक्ष्म पाठ, सराव पाठ, टाचणं, तक्ते, यात दिवस कुठे गेले कळलं नाही. त्या हॉस्टेलची एक परंपरा होती. जाणारी मुलगी आपले तक्ते आणि टाचणवह्या येणारीसाठी माळ्यावर ठेवून जायची, आणि मागे स्वतःचं नाव लिहायची. मला मिळालेल्या पृथ्वीच्या अंतरंगाच्या तक्त्यामागे चार नावं होती. मी पाचवं लिहिलं. ज्यांना कधी बघितलं नाही त्या चौघी माझ्या मोठ्या बहिणीच की.

त्याच हॉस्टेलात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मेसच्या हॉलमध्ये तयारी चालली होती. आम्ही दोघी मुसलमान मुली होतो. आम्हाला कुणी येऊ नका म्हटलं नाही. नुसतं बोलावलं नाही. जिन्यात एकीने दुसरीला सांगितलेलं ऐकू आलं, ‘‘त्यांना चालत नाही गं, उगीच कशाला अवघडवायचं.’’ आम्ही खोलीत तक्ते रंगवत बसलो. वाईट वाटत नव्हतं असं एकमेकींना सांगत होतो. थोड्या वेळाने माझी रूममेट आली, ती माण तालुक्यातली, दुष्काळी भागातली, बोलायला रांगडी. दारातूनच ओरडली, ‘‘काय गं, तुम्हाला काय पाय नाहीत व्हय? जाजम केवढं मोठं हाय, चला.’’ खाली नेऊन तिने आम्हाला मध्ये बसवलं. कुंकवाचा करंडा आमच्यापाशी आला तेव्हा क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. रूममेटने करंडा पुढे सरकवला आणि आमच्या मनगटाला अत्तर लावलं, गजरा दिला, तिळगूळ दिला. एवढंच झालं. बाकीच्या मुली पुन्हा गप्पांना लागल्या.

मी हे फक्त त्यांच्याबद्दल सांगून थांबले तर खोटं होईल. फलटणमध्ये आपल्या बायकांचे मिलाद होतात, रमजानात दर्स होतात. तिथे बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी, तांबोळी, फकीर सगळ्या एका सतरंजीवर बसतात, नमाजला तर खांद्याला खांदा लावून. पण मुलीचं लग्न निघालं की? दावतीच्या दस्तरख्वानावर कोण आधी, कोण मागाहून? भांडी घासायला आलेल्या फकीर जमातीच्या बाईला शीरखुर्मा कोणत्या वाटीत दिला जातो? मी माझ्या स्वतःच्या नात्यात बघितलेलं लिहिते आहे, त्यामुळे कुणी रागवायचं असेल तर आधी माझ्या घरच्यांनी रागवावं. सोरोरिटीची पारख आपल्याकडेही चालते, फक्त तिला बिरादरी म्हणतात आणि ती एका आठवड्यात संपत नाही.

भाचीला मी काय सांगितलं? जाऊ नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की पुढच्या वर्षी नव्या मुली पारखायची पाळी तुझ्यावर येईल, तेव्हा मला फोन कर. तिला बेटी लॉकचा किस्सा सांगितला, तो तिला ठाऊक नव्हता. फातिमाबींचं नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं. ‘‘फुप्पी, यांची पिन कशी होती?’’ म्हणाली. मी म्हटलं, बेटा, पिन नव्हती, जाजम होतं. जाजम म्हणजे काय, हे समजवायला मला उठून आतून सतरंजी आणून मोबाइलसमोर धरावी लागली.

आमच्या शाळेत आम्ही ३ जानेवारी आणि ९ जानेवारी, सावित्रीबाई आणि फातिमाबी, दोन्ही दिवस मिळून एकच कार्यक्रम करतो. मुली भाषणं करतात, अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. आयांना बोलावतो. खुर्च्या मांडायच्या नाहीत एवढा एकच नियम मी ठेवला आहे. गेल्या खेपेला आया इतक्या आल्या की जाजम पुरेना. जवळच्या मराठी शाळेतून दोन पोरांना धाडून दुसरं मागवलं. ते आणताना त्या शाळेतल्या चार-पाच आयाही पोरांच्या मागोमाग आल्या आणि जागा मिळेल तिथे बसल्या.